रिमोटवर उडणारं इलेक्ट्रिक विमान किटपासून जोडताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

खालचे सगळे आकडे एका नमुना विमानासाठी धरले आहेत: धडाच्या वर पंख असलेला ट्रेनर (शिकायचं विमान), पंखाचा विस्तार ११०० मिमी, पंखाची रुंदी (कॉर्ड) १९० मिमी, उडतानाचं वजन ८५० ग्रॅम, २२१२ आकाराची १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटर, १० × ४.५ इंची प्रॉप (पुढचा पंखा), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि ३ सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). तुमच्या किटचं पत्रक वेगळा आकडा देत असेल तर पत्रक खरं धरा.

१. पहिल्यांदाच घेतोय. कोणतं किट घेऊ?

उंच पंखाचं, एक मीटरच्या आसपासचं, सरळ पंखाचं फोम ट्रेनर. लढाऊ विमानासारखं दिसणारं किट दुकानात जास्त खपतं, पण ते हातात बसायला वेळ लागतो आणि तोवर ते शिल्लक राहत नाही. बाल्साचं किट सुंदर असतं, पण फासळ्या, लाँजरॉन (धडाच्या लांब पट्ट्या), आवरण असं सगळं करून महिनाभर तरी टेबल अडकतं, आणि पडलं की दुरुस्तीला पुन्हा तेवढाच वेळ. पहिलं फोमचं, दुसरं बाल्साचं, हा क्रम आम्ही सुचवतो. फोममध्येही ईपीओ (लवचीक फोम) मिळाला तर तोच घ्या. डेप्रॉन (कडक फोमचा पातळ पत्रा) हलका असतो, पण पडल्यावर तुटतो. ईपीओ दबतो आणि बऱ्याचदा गरम पाण्यात परत फुगतो.

२. डब्यात सगळं येतं ना?

येत नाही. नुसतं ‘किट’ लिहिलेलं असेल तर फोम किंवा लाकडाचे कापलेले भाग, थोडे हॉर्न (तार अडकवायचे प्लास्टिकचे कान) आणि तारा एवढंच. एआरएफ असेल तर ढाचा बहुतेक तयार असतो, पण इलेक्ट्रॉनिक्स आहे की नाही ते वाचून घ्या. वेगळं लागतं ते असं: मोटर आणि तिचा माउंट, ईएससी, ९ ग्रॅमचे चार सर्व्हो, म्हणजे हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी (एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या पट्ट्यांना, दोन; एलिव्हेटर म्हणजे आडव्या शेपटीची पट्टी आणि रडर म्हणजे उभ्या शेपटीची, त्यांना एकेक), किमान सहा चॅनेलचा रिमोट आणि त्याचाच रिसीव्हर, लिपो दोन, बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), एक्सटी-६० कनेक्टर, ३.५ मिमी बुलेट कनेक्टर, हीटश्रिंक नळी, वेल्क्रो पट्टा आणि निदान चार प्रॉप. प्रॉप एकच आणला तर पहिल्याच सकाळी घरी परतावं लागेल.

लिपो विमानाने पाठवायला निर्बंध असतात, म्हणून ती बहुतेक रस्त्याने येते. बाकी पार्सल आधी आणि बॅटरी नंतर आली तर काही हरवलेलं नाही.

३. फेव्हिक्विकने सगळं चिकटवलं तर चालतंय का?

थर्माकोल, डेप्रॉन आणि फोमबोर्डाच्या आतल्या फोमवर नाही. फेव्हिक्विक म्हणजे साधा सायनोअॅक्रिलेट (सायनो), तो हा फोम खातो. थेंब पडतो तिथे खड्डा होतो आणि जोड आतून पोकळ राहतो. ईपीओवर मात्र तो चालतो. कोणता फोम आहे कळत नसेल तर उरलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा.

- बाल्सा ते बाल्सा: फेव्हिकॉल किंवा पातळ सायनो. फेव्हिकॉल वाळायला रात्र जाते, पण सांधा घासायला सोपा.
- फोम ते फोम: फोमसाठीचा कॉन्टॅक्ट गोंद किंवा पाच मिनिटांचं इपॉक्सी. फेव्हिकॉल नको, आत हवा लागत नाही आणि आठवड्यानंतरही तो ओलाच सापडतो.
- फायरवॉल (नाकातली मोटर बसवायची फळी), पंखाचा मधला सांधा, चाकांची पट्टी: हळू सुकणारं इपॉक्सी, तीस मिनिटांचं किंवा त्याहून सावकाश.

हॉट ग्लू गन झटपट आहे, म्हणून कॉलेजची मुलं सगळीकडे तोच लावतात. पण एप्रिलमध्ये चिकोडी-अथणीकडे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विमान ठेवलं की तो मऊ पडतो. हॉर्न आणि मोटर माउंट त्यावर सोडू नका.

४. पावसाळ्यात बांधायला घेतलं तर काही बिघडतं का?

उलट बांधायला तोच काळ बरा, कारण खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर उडवणं जवळपास बंदच असतं. फक्त लाकूड सांभाळा. बाल्सा आणि पातळ प्लाय दमट हवेत पाणी धरतात, एका बाजूला वाऱ्यावर राहिले की वाकतात. पत्रे उभे टेकवून ठेवू नका. सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर, वर वजन देऊन ठेवा. फिल्मचं आवरण चढवायचं असेल तर सलग दोन कोरडे दिवस बघून चढवा. लाकडात ओल असताना फिल्म ताणली तर लाकूड वाळल्यावर ती सैल पडते आणि सुरकुत्या येतात.

दमट हवेत सायनो नेहमीपेक्षा लवकर धरतो, म्हणून भाग आधी कोरडेच जुळवून बघा. इपॉक्सीवर कधी चिकट, तेलकट थर येतो. दुसरा थर द्यायचा असेल तर तो स्पिरिटने पुसून, बारीक कागदाने घासून मगच द्या.

५. दोन पंख जोडताना मधे किती कोन ठेवायचा?

एलेरॉन असलेल्या ट्रेनरला प्रत्येक बाजूला २ ते ३ अंश पुरे. एलेरॉन नसून फक्त रडरवर वळणारं विमान असेल तर ५ अंशांच्या आसपास लागतात. अंश मोजत बसू नका, उंची मोजा. एक पंख टेबलावर सपाट दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याचं टोक उचलायचं. अर्धा पंख ५५० मिमी असताना दोन्ही बाजूंना ५ अंश हवे असतील तर उचललेलं टोक टेबलापासून ९६ मिमी वर पाहिजे; ३ अंशांना ५८ मिमी. वह्यांचा गठ्ठा लावा आणि इपॉक्सी पूर्ण धरेपर्यंत हलवू नका. आतली कार्बन नळी मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान १५० मिमी गेली पाहिजे, नाहीतर पहिल्या लूपमध्ये पंख मधेच मिटतो.

६. शेपटी सरळ बसली की नाही, ते डोळ्यांनी कळतं का?

मागून कळतं, वरून कळत नाही. मागे तीन-चार मीटरवर उभं राहून पंखाची आणि आडव्या शेपटीची रेघ एकमेकींना समांतर दिसते का बघा. वरून मात्र सुतळी लागते. नाकाच्या मधोमध टाचणी, तिथून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत सुतळी, तीच उजव्या टोकाला. मग पंखाच्या प्रत्येक टोकापासून त्याच बाजूच्या शेपटीच्या टोकापर्यंत. फरक ३ मिमीच्या आत हवा. सुतळी ताणणारी असेल तर माप खोटं येतं. मेणाचा दोरा किंवा मासेमारीची बारीक दोरी वापरा.

वाकडी शेपटी ट्रिम (रिमोटवरून मधल्या जागेची बारीक दुरुस्ती) देऊन सरळ उडवता येते, हे खरं. पण ती एकाच वेगाला सरळ राहते. थ्रॉटल बदललं की पुन्हा ओढायला लागते.

७. हिंज (हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या) सैल राहतात किंवा गच्च होतात. नेमकं कसं बसवायचं?

सायनो हिंज असतील तर पातीने खाच करा, हिंजच्या मधोमध टाचणी टोचून ठेवा म्हणजे तो दोन्हीकडे सारखा जातो. एलेरॉन जवळ सरकवा, फट एक मिलिमीटरच्या आत, टाचणी काढा आणि दोन्ही बाजूंनी पातळ सायनोचे तीन-तीन थेंब. जाड सायनो इथे चालत नाही, तो हिंजच्या कापडात शिरत नाही. पाच मिनिटांनी प्रत्येक हिंज जोरात ओढून बघा. निघायचा असेल तर टेबलावरच निघू दे.

फोमच्या किटमध्ये हिंज म्हणजे फोमचीच दाबलेली रेघ असते. ती वीस-तीस वेळा हाताने पूर्ण वर-खाली करून मऊ करा. कडक राहिली तर ९ ग्रॅमचा सर्व्हो मधल्या जागी परत येत नाही आणि तुम्ही रिमोटला दोष देत बसता.

८. मोटर थोडी खाली आणि उजवीकडे वळवलेली का असते? सरळ बसवली तर?

प्रॉपचा जोर विमानाला डावीकडे ओढतो आणि उंच पंखामुळे थ्रॉटल वाढवलं की नाक वर येतं. दोन्ही कमी करायला मोटरला २ ते ३ अंश खाली आणि २ ते ३ अंश उजवीकडे कल देतात (उजवीकडे म्हणजे पायलट आत बसला असता तर त्याच्या उजवीकडे). सरळ बसवली तर विमान उडतं, पण दर वेळी थ्रॉटलबरोबर एलिव्हेटर सांभाळत बसायला लागतं. नवशिक्याला तेच जड जातं.

कल वॉशरने द्या. माउंटचे स्क्रू एकमेकांपासून २५ मिमीवर असतील तर ३ अंशांना १.३ मिमी उंची लागते. एम-३ चा साधा वॉशर अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे वरच्या बाजूच्या स्क्रूंखाली दोन किंवा तीन. कल दिल्यावर प्रॉपचा मध्य उजवीकडे सरकतो, म्हणून माउंट तेवढाच डावीकडे घेऊन भोकं पाडा.

फायरवॉलसाठी ३ मिमी प्लाय पुरतो, पण नुसता गोंदावर नको. कडेने फोममध्ये चार-पाच तिरक्या खुंट्या ठोका. अगरबत्तीची बांबूची काडी, मसाला खरवडून, इपॉक्सीत बुडवून, छान बसते.

९. मोटर उलटी फिरते. किंवा फिरतच नाही, नुसती थरथरते.

उलटी फिरत असेल तर मोटर आणि ईएससीमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करा. बॅटरीच्या तारा उलटवू नका, ईएससी त्याच क्षणी जळतो.

थरथरत असेल तर तीनपैकी एका तारेला करंट जात नाही. बुलेट कनेक्टरचं सोल्डर नीट लागलेलं नसतं, वरून चमकतं आणि आत पोकळ असतं. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न जाड तारेला पुरत नाही, ६० वॉटची घ्या.

आणखी एक कारण माउंटचे स्क्रू. मोटरच्या बुडाला एम-३ चा लांब स्क्रू लावला तर तो आतल्या तांब्याच्या वेटोळ्याला टेकतो, मोटर गरम होते आणि वास येतो. स्क्रू मोटरमध्ये ३ ते ४ मिमीच शिरला पाहिजे. प्रॉपवर अक्षरं असलेली बाजू पुढे; उलटा लावला तरी वारा येतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही, पण जोर बराच कमी मिळतो.

१०. सर्व्हो मधोमध आणायचा म्हणजे नक्की काय करायचं?

आर्म (सर्व्होवरचा छोटा दांडा) लावायच्या आधी सर्व्हो रिसीव्हरला जोडा, रिमोट चालू करा, सगळे ट्रिम शून्यावर आणा, स्टिक मध्यावर. आता आर्म तारेशी ९० अंशात बसेल असा लावा. दाते नेमके जुळत नसतील तर आर्मचं दुसरं टोक फिरवून बघा, प्रत्येक टोकाला दाते थोडे वेगळे पडतात. उरलेला एखादा अंश सब-ट्रिमने काढा, पण सब-ट्रिम फार ताणू नका, एका बाजूचा प्रवास कमी होतो.

दोन्ही एलेरॉन वाय-वायरवर (एका चॅनेलला दोन सर्व्हो जोडणारी तार) लावताना ते सर्व्हो आरशातल्यासारखे समोरासमोर बसवा. मग एक वर, एक खाली आपोआप होतं. दोन्ही एकदमच वर जात असतील तर एक सर्व्हो उलटा बसलाय. तो काढायचा नसेल तर दोन वेगळ्या चॅनेलवर द्या.

११. पुशरॉडला (सर्व्हो आणि हॉर्न जोडणारी तार) सायकलचा स्पोक चालतो का?

चालतो, दोन मिलिमीटरचा असतो. पण जड असतो आणि हॉर्नच्या १.५ मिमी भोकात जात नाही. भोक मोठं केलं की प्लास्टिक पातळ उरतं. १.२ किंवा १.५ मिमीची स्प्रिंगची तार मिळाली तर तीच वापरा. स्पोक चाकांच्या पायांना मात्र नको, तो वाकतो; तिथे ३ मिमीची स्प्रिंग तार लागते आणि ती घरच्या पकडीने वाकत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या कोणत्याही छोट्या वर्कशॉपमध्ये व्हाइसवर पाच मिनिटांचं काम आहे. कागदावर खऱ्या मापात आकृती काढून न्या.

१२. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लागते का?

या आकाराला नाही. ईएससीतला बीईसी ५ व्होल्ट देतो आणि रिसीव्हर, सर्व्हो त्यावर चालतात. मात्र स्वस्त ईएससीतला बीईसी लिनिअर असतो: ३ सेलच्या भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट उतरवून ५ करतो आणि उरलेलं उष्णता म्हणून टाकतो, दर अँपिअरमागे साडेसात वॉट. चार छोट्या सर्व्होंना ठीक. त्यातला एखादा सर्व्हो टोकाला अडून सतत गुरगुरत असेल तर तो एकटाच अर्ध्या अँपिअरहून जास्त खातो. ४ सेल लावायचे असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी घ्या आणि ईएससीच्या रिसीव्हर वायरमधली लाल तार काढून टेपने बांधा. दोन मोटरी, दोन ईएससी असतील तरी एकाची लाल तार अशीच काढायची.

१३. रिमोट रिसीव्हरशी बांधल्यावर (बाइंड केल्यावर) प्रॉप लावायच्या आधी काय काय तपासायचं?

प्रॉप काढलेलाच राहू दे. क्रम असा ठेवा:

1. थ्रॉटल कॅलिब्रेशन. रिमोटवर थ्रॉटल पूर्ण वर, मग बॅटरी जोडा, दोन बीप आले की पूर्ण खाली. रिमोट बदलला की पुन्हा. थ्रॉटल वर केल्यावरही ईएससी काहीच बोलत नसेल तर रिमोटवर त्या चॅनेलचा रिव्हर्स बदलून बघा. काही कंपन्यांचा थ्रॉटल उलटा असतो.
2. दिशा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. स्टिक आपल्याकडे ओढली, तर एलिव्हेटर वर. रडर स्टिक उजवीकडे, तर रडर उजवीकडे. उलटा एलेरॉन घेऊन उडालेलं विमान पहिल्या पाच सेकंदांत पडतं आणि ते कुणालाच वाचवता येत नाही.
3. फेलसेफ. थ्रॉटल थोडं वर ठेवून रिमोट बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. चालूच राहिली तर रिसीव्हरच्या पत्रकाप्रमाणे फेलसेफ पुन्हा सेट करा. हे न करता माळावर जाऊ नका.

१४. गुरुत्वमध्य कुठे? बॅटरीशिवाय मोजला तर चालेल?

बॅटरीसह, प्रॉपसह, चाकांसह, अगदी वरच्या झाकणासह मोजा. बॅटरी या विमानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा आहे, ती सोडून केलेलं मापन निरुपयोगी.

सरळ पंखाला पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २५ ते ३० टक्क्यांवर. १९० मिमीला हे ४८ ते ५७ मिमी. पहिल्या उड्डाणाला ५० च्या आसपास ठेवा. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या रेषेवर पेन्सिलीने खूण करून, दोन बोटांवर किंवा खोडरबर लावलेल्या दोन पेन्सिलींवर उचला. नाक किंचित खाली कललं तर बरोबर. धडाच्या खाली पंख असलेलं विमान उलटं करून तोला, नाहीतर ते बोटांवर टिकतच नाही. टोकाकडे अरुंद होणाऱ्या किंवा मागे वळलेल्या पंखाला हा हिशोब सरळ लागू होत नाही. तिथे सरासरी कॉर्ड काढावी लागते, म्हणून पत्रकातलंच माप घ्या.

आधी बॅटरी सरकवा. १८० ग्रॅमची बॅटरी २० मिमी पुढे नेली की मध्य जवळपास ४ मिमी पुढे येतो. त्यानेही भागत नसेल तरच नाकात शिसं. मध्य ६ मिमी मागे असेल आणि नाक मध्यापासून २०० मिमी पुढे, तर ८५० गुणिले ६ भागिले २००, म्हणजे पंचवीसएक ग्रॅम. उलट बाजूने बघितलं तर मध्यापासून ५०० मिमी मागे शेपटीत टाकलेला एक ग्रॅम नाकात अडीच ग्रॅम मागतो. शेपटीला रंगाचे तीन हात, भारतमाता आणि नातवाचं नाव, आणि वर दोन थर टेप दिला की असं होतं.

मध्य मागे गेला तर विमान एलिव्हेटरला जास्त तिखट उत्तर देतं, नाक वर उचलतं आणि हवेतच थांबतं. पुढे गेला तर फक्त आळशी होतं आणि उतरताना जास्त वेग मागतं. चूक करायचीच असेल तर पुढच्या बाजूला.

१५. स्टिक पूर्ण मारल्यावर एलेरॉन, एलिव्हेटर किती हलायला पाहिजेत?

मागच्या कडेला मोजायचं: एलेरॉन १० मिमी वर आणि ८ खाली, एलिव्हेटर १० ते १२ दोन्हीकडे, रडर २० ते २५. जास्त हलत असेल तर रिमोटमधून टक्के कमी करण्याआधी तार सर्व्होच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या बाहेरच्या भोकात घाला. जोर वाढतो आणि सैलपणा कमी होतो. एक्स्पो (स्टिकचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के द्या, पण काही रिमोटवर मऊ करायला उणे आकडा लागतो, काहींवर अधिक. चुकीचा दिला तर मधल्या भागात उलट जास्त तिखट होतं. स्टिक थोडी हलवून डोळ्यांनी खात्री करा.

१६. पत्रकात ‘जमिनीवरून आरामात उडतं’ लिहिलंय, पण आमच्याकडे उशिरा उठतं. मोटर कमजोर आहे का?

बहुतेक नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. त्याच तापमानाला इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ ते ९ टक्के विरळ. त्यात दुपारचे ३५ अंश धरले तर पुस्तकात धरलेल्या १५ अंशांच्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा घनता १४-१५ टक्के कमी होते. प्रॉपचा जोर त्याच प्रमाणात उतरतो, आणि पंखाला तेवढंच वजन उचलायला जास्त वेग लागतो.

या विमानाचा थांबण्याचा वेग (स्टॉल; त्याखाली पंख वजन उचलू शकत नाही) इथल्या सकाळच्या हवेत ताशी २९ किमीच्या आसपास येतो. दुपारी तो ३० पर्यंत जातो. फरक किरकोळ वाटतो, पण हाताने फेकताना आणि उतरताना तेवढाच लागतो. उपाय दोन: सकाळी उडवा, आणि वजन घटवा. मोठा प्रॉप लावायचा मोह होतो. वॉटमीटर लावून बघा. १००० केव्हीच्या २२१२ मोटरला १२ ते १५ अँपिअरच्या पुढे नेऊ नका. १५ अँपिअरला साधारण १६५ वॉट होतात, म्हणजे किलोला १९० च्या आसपास. ट्रेनरला १५० ते २०० पुरेसे असतात.

१७. कॉलेज प्रोजेक्टसाठी कॅमेरा आणि जीपीएस असे २५० ग्रॅम वाढवायचेत. उचलेल का?

उचलेल, पण तेच विमान राहणार नाही. ८५० चे ११०० ग्रॅम झाले की थांबण्याचा वेग १४ टक्क्यांनी वाढतो, २९ चा ३३. उतरताना आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने आणि वजनानेही वाढते, म्हणजे सुमारे १.७ पट. पंखाची नळी (प्रश्न ५) ८ मिमीची करा, चाकं काढून पोटावर उतरवा, आणि आधी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधून उडवा. महागडी उपकरणं सगळं जमल्यावर. परवानगीचा भाग प्रश्न १९ मध्ये.

१८. चार्जिंग करताना लाईट गेली तर? आणि बाईकच्या बॅटरीवरून चार्ज करता येते का?

लाईट गेली तर चार्जर थांबतो, लिपोला काही होत नाही. परत आल्यावर आपोआप सुरू झाला असेल तर सेलची संख्या बरोबर दाखवतोय ना, ते बघून पुढे जा. नेहमी बॅलन्स मोडवर आणि १सी दराने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर. सेल ४.२ व्होल्टला भरतो. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा. भरलेली पडून राहिली की फुगते. उडताना ३.५ ला उतरा.

बाईकवरून करू नका. एका लिपोत साधारण २४ वॉट-तास जातात, नुकसान धरून ३०, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून अडीच अँपिअर-तास. बाईकची बॅटरी चार-पाचचीच असते. दोन लिपो भरल्या की माळावर बाईक ढकलायला लागते. कारची चालते.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. कारच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून उघड्या जागी पूर्ण उतरवा, तारा टेपने बांधा आणि ई-कचऱ्यात द्या. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं, हे फुगलेलीच काय, नव्या बॅटरीबाबतही नको.

१९. उडवायचं कुठे? सांबऱ्याजवळ चालतं का?

नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेली २५ किलोपर्यंतची मॉडेलंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. सांबऱ्याला विमानतळाबरोबर हवाई दलाचं केंद्रही आहे, आणि शहरात कॅन्टोन्मेंट. निघण्याआधी सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागा बघा. नोंदणीची सध्याची अटही सरकारी संकेतस्थळावर वाचा. २५० ग्रॅम ते २ किलो हा मायक्रो गट, त्याला छंदासाठी पायलट परवाना लागत नाही.

जागा निवडताना एक फसगत होते. भात कापलं की शेत मोकळं झालं असं वाटतं, पण बेळगाव भागात त्याच ओलीवर लगेच मसूर, वाटाणा पेरलेला असतो. खरं मोकळं रान फेब्रुवारीअखेरपासून मिळतं. मालकाला विचारूनच उतरा. बांध असलेल्या शेतात चाकांवर उतरवण्याचा हट्ट नको. चाकं काढा, पोटावर टेप लावा.

२०. पहिलं उड्डाण कोणत्या वेळी? किती मिनिटं?

सूर्योदयानंतरचे दोन तास. मार्चपासून दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी तो एकदम उलटतो. आभाळ काळवंडायला लागलं की खाली घ्या. हिवाळ्यात दव पडलेलं असतं, रिसीव्हर आणि ईएससी ओल्या गवताला टेकू देऊ नका.

वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल पाऊण ते पूर्ण, सरळ समोर फेका, वर नाही. टायमर आठ मिनिटांचा लावा. सरासरी साडेआठ अँपिअर धरले तर बॅटरीच्या ८० टक्क्यांत बारा मिनिटं निघतात, पण पहिल्या वेळी उतरायला तीन फेऱ्या लागतात.

घारी विमानाभोवती घिरट्या घालतात. त्या बहुतेक टक्कर टाळतात. अंगावर आलीच तर थ्रॉटल वाढवून वर जा. घारीला चढण जड जाते.

२१. उसात विमान गेलं तर कसं हुडकायचं?

पहिली गोष्ट, थ्रॉटल शून्य. अडकलेला प्रॉप फिरवत राहिला तर ईएससी जळतो आणि वाळल्या पाचटाला आग लागायची भीती. दुसरी, जिथे उभे आहात तिथून हलू नका. विमान दिसेनासं झालं त्या रेषेत दूरचं झाड किंवा विजेचा खांब लक्षात ठेवा, आणि दुसऱ्याला आत पाठवा. तुम्ही हाताने डावं-उजवं सांगायचं. दहा फूट उसात आत गेलेल्याला दिशा राहत नाही. आत गेलेला जवळ पोचला की रडर स्टिक हलवा, सर्व्होचा आवाज ऐकू येतो. रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर लावायचा छोटा बझर मिळतो; ऊसपट्ट्यात उडवणाऱ्याने तो लावावाच.

तोडणीआधी सापडलं नाही तर शेतमालकाला सांगून ठेवा. पाचट पेटवायच्या आधी आत लिपो पडलीय, हे त्याला कळलं पाहिजे.

२२. नाक चेपलं, पंखाला तडा गेला. परत जोडून उडवू का?

ईपीओचं नाक उकळत्या पाण्यात दहा-वीस सेकंद धरा, बरंचसं भरून येतं. इलेक्ट्रॉनिक्स आधी काढा. तडा फाकवून आत इपॉक्सी भरा आणि वरून फिलामेंट टेप. पंखाची कार्बन नळी दुभंगली असेल तर चिकटवू नका, नवी घाला.

मोटरचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. डगमगत असेल तर तो वाकलाय. प्रॉप थरथरतो आणि माउंटचे स्क्रू सैल होतात. प्रॉपला केसाएवढी चीर असली तरी फेकून द्या. बॅटरी बाहेर काढून अर्धा तास मोकळ्या जागी ठेवा, कोपरा चेपलेला असेल तर ती घरात नेऊ नका. मग प्रश्न ६, १३ आणि १४ मधली सगळी मापं पुन्हा घ्या, कारण दुरुस्तीचा गोंद आणि टेप वजन धरतात.